म्या आणि मी

मराठीच्या वाक्यरचनेचा इतिहास शोधते म्हटलं की अमरावतीत दोन प्रश्न ठरलेले: त्याचा उपयोग काय, आणि आपली वऱ्हाडी म्हणजे जुनी मराठीच ना? पहिला मी हसून टाळते. दुसऱ्यात नोकरीची बहुतेक वर्षं गेली.

वाक्यरचनेच्या अभ्यासाला ओवी फारशी कामाची नाही. छंदापायी शब्द जागा सोडतात. गद्य हवं. ते आमच्याच जिल्ह्यात आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ जुळवलं. मूळ प्रत परचक्रात गेली आणि लीळा पुन्हा आठवून लिहिल्या, असं परंपरा सांगते. पुढं पोथ्या ‘सकळ’ या सांकेतिक लिपीत गेल्या. त्यामुळं वि. भि. कोलत्यांचं १९७८चं संपादन हाताशी असूनही एकेका रूपापाशी अडायला होतं. हे म्हाइंभटांचं, की नकलणाऱ्याचं?

जुन्या मराठीत सकर्मक भूतकाळी कर्ता ‘मियां’, ‘तुवां’. प्रमाण मराठीनं ‘मी सांगितलं’ म्हणत ते चिन्ह पुसलं, पण क्रियापद कर्माशीच जुळत राहिलं: ‘मी भाकर खाल्ली’ बाईही म्हणते, बुवाही. अकोल्याच्या एसटी स्टँडवर मात्र ‘म्या सांगतलं’ अजून ऐकू येतं. झालं, वऱ्हाडी जुनी ठरली! पण ‘म्या’ वऱ्हाडाबाहेरच्या खेड्यांतही आहे. आणि तोच माणूस पुढच्या श्वासात ‘मी सांगून राह्यलो’ म्हणतो. ‘राहणे’ अकर्मक, म्हणून ‘म्या’ गळाला. हिंदीतही ‘मैंने बताया’, पण ‘मैं बता रहा हूँ’. ही घडण हिंदीच्या शेजारानं बळावली असावी, असं मला वाटतं. ‘-ऊन’ मात्र अस्सल मराठी. एकाच तोंडात जुनं आणि नवं, तेही नियमानं वाटून घेतलेलं. बोलीला वस्तुसंग्रहालय समजणाऱ्यांना हे रुचत नाही.

ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणानं (सातवा खंड, १९०५) बायबलातली उधळ्या पुत्राची एकच गोष्ट बोलीबोलींत उतरवून घेतली. तुलनेला सोयीची, पण भाषांतर मुळाच्या वळणानं चालतं. मी भाषांतर मागत नाही. ‘तुम्ही कसं म्हणता?’ असंही विचारत नाही. विचारलं की लोक शाळेतली मराठी काढतात. सोयाबीनच्या भावाचं विचारते. मग ‘म्या तं तवाच इकून टाकलं’ आपसूक येतं, आणि पाठोपाठ भावाला घातलेल्या शिव्याही. त्याही मी उतरवून घेते. त्यांची वाक्यरचना फार शुद्ध असते.