हजेरीपटातलं इंग्रजी

आडनावं इंग्रजीच्या तासाला घ्यायची नाहीत, हा कित्येक वर्षं माझा दंडक होता. निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवते. मुलांना शब्द पाठ होईनात की कुणीतरी सुचवायचं, ‘पाटीलवरून पार्क शिकवा, शिंदेवरून शिप. सुरुवातीची अक्षरं एकच, मग विसरणार नाहीत.’ मला ते पटत नसे. पाटील आणि पवार दोघेही पी-ए नेच सुरू होतात, पण एकाचा उच्चार पा, दुसऱ्याचा प. पुढे ‘पेपर’मध्ये त्याच दोन अक्षरांचा पे होतो आणि ‘पॅन’मध्ये पॅ. असल्या आधारावर शब्द शिकवले तर मुलांचा गोंधळच वाढेल, असं मी ठामपणे सांगत असे.

आता जूनमध्ये मी सुरुवातच हजेरीपटापासून करते. ज्या कारणासाठी आडनावं टाळत होते, नेमक्या त्याच कारणासाठी.

आमच्या मुलांची खरी अडचण शब्दसंख्येची नाही. मराठी असो की कन्नड, बहुतेक लिहिलं तसं वाचायची त्यांना सवय. (चहातला च आणि चाकातला च वेगळे, हे त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं.) मग एकच अक्षर चार तऱ्हांनी बोलायला लागलं की ती इंग्रजीवरचा विश्वासच सोडतात. ‘ह्याला काय नियमच नाही, बाई,’ म्हणतात आणि पुस्तक मिटतात. पण हीच मुलं स्वतःचं आडनाव इंग्रजीत लिहितात, शेजारच्याचं न अडखळता वाचतात. इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात नावं रोमन लिपीत लिहायला हंटरसाहेबांची पद्धत घेतली. तिच्यात आ दाखवायला ए वर खूण होती. व्यवहारात ती खूण गळाली, आणि प-पा दोन्ही एकाच रूपात उरले. तरी आठवीतला पोरगा पवारला ‘पावार’ म्हणत नाही. अक्षराचा उच्चार शब्दावर ठरतो, हे त्याला आधीच येतं. ते त्याला येतं, एवढंच मला दाखवून द्यायचं असतं.

माझं मत फिरलं ते एका धड्यामुळे. धड्यात सिंहाची आयाळ होती. एम-ए-एन-ई. वाचणाऱ्याने सरळ ‘माने’ वाचलं आणि सगळा वर्ग मानेकडे बघायला लागला. मी दुरुस्त करणार, एवढ्यात घरी कन्नड बोलणारी एक मुलगी म्हणाली, ‘बाई, हे मने पण होतंय की. मने म्हणजे घर.’ मी फळ्यावर ती चार अक्षरं मोठी काढली आणि खाली तीन उच्चार लिहिले : मेन, माने, मने. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एकाने विचारलं, ‘शेवटचा ई इंग्रजीत गप्प का?’ ई पुसला. मॅन झाला. परत लिहिला. मेन. स्वतः न बोलता तो आधीच्या ए ला बदलतो, हे त्यांनीच शोधलं. लगेच मोरे आला, गोरे आला, साने आला, आणि प्रत्येकाशेजारी तसाच दिसणारा इंग्रजी शब्द डिक्शनरीत सापडला. हा नियम मी वर्षानुवर्षं शिकवत होते. असा कधी रुजला नव्हता.

सीमेवरच्या मुलाजवळ आणखी एक भांडवल असतं, कन्नडचं. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं. त्या नामांतराबद्दल प्रत्येक घरात मत आहे, माझंही आहे. पण इंग्रजी पाटीवर पहिली तीन अक्षरं होती तीच राहिली, बी-ई-एल. बेल आणि बेल्टचीही तीच. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना वेगळी अक्षरं आहेत, आणि बेळगावीतला ए ऱ्हस्व. त्यामुळे ‘पेन’ आणि ‘बेल्ट’वाला ए एक, ‘पेपर’वाला दुसरा, हे आमच्या मुलांना कन्नड अक्षर दाखवून सांगता येतं. देवनागरीत मला ते दाखवताच येत नव्हतं.

स्पेलिंगचा हट्टही सोडलाय. आमच्या भागात पवारमध्ये कुणी ए लिहितं, कुणी ओ. कागदपत्रांत जे आहे तेच वहीत.

सध्या वर्ग कांबळे, कदम आणि कुलकर्णींवर अडलाय. तिघेही के ने सुरू होतात, आणि डिक्शनरीत के ची पानं थोडी. कॅमल, कप, कट सगळे सी मध्ये जाऊन बसलेत. कांबळेने विचारलंय, ‘मग आमचं सी ने का नाही, बाई?’ उद्याच्या तासाला पोरांनी सी आणि के चे शब्द दोन रकान्यांत मांडून आणायचेत. पुढच्या स्वराकडे बघा, एवढंच मी सांगून ठेवलंय.