बाळाची सीट आणि राजिमची वाट

नागपूरहून सकाळी सहाला निघालं, की दुपारच्या जेवणाला रायपूर गाठता येतं. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडायची, साकोली-देवरीचं जंगल मागे टाकायचं. महाराष्ट्राची हद्द संपली की राजनांदगाव, मग दुर्ग-भिलाई आणि शेवटी खारून नदीचा पूल. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरचा हा रस्ता विदर्भातल्या कितीतरी घरांना पाठ आहे. कुणाची लेक रायपूरला दिलेली, तर कुणाचं माहेरच रायपूरचं!

हे नातं आजकालचं नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला आणि त्यांच्या मागोमाग मराठी माणसं इथे येत राहिली. रायपुरातला तात्यापारा हा मराठी घरांचा जुना मोहल्ला. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. लोकमान्य टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळाही याच गावात आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, रस्ते रुंद झाले. पण जुन्या मराठी घरांत दिवाळीला चकली-शंकरपाळ्यांच्या डब्याशेजारी ठेठरी-खुरमीचा डबा असतोच, आणि बोलताना मराठी वाक्याच्या शेवटी एखादा हिंदी शब्द सहज येऊन बसतो.

याच रस्त्याने कधी काळी एक मुलगा बैलगाडीतून रायपूरला आला होता. साल होतं १८७७. कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला राहत होते. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र आई आणि धाकट्या भावंडांबरोबर नागपूरपर्यंत रेल्वेने आला. पुढे रेल्वे नव्हती. नागपूर ते रायपूर बैलगाडीने पंधरा दिवसांहून जास्त लागले. वाटेतल्या डोंगरात मधमाश्यांचं भलंमोठं पोळं पाहता पाहता तो देहभान विसरला, असं त्याच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. पुढे जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागलं. रायपूरचा विमानतळ आज त्यांच्याच नावाने आहे आणि गावातल्या बूढा तलावालाही त्यांचं नाव मिळालं आहे.

बैलगाडीच्या त्या प्रवासात लहानगी पोरं कुठे बसली असतील? अर्थातच आईच्या मांडीवर किंवा गवताच्या गादीवर. गाडी खड्ड्यात गेली तर फार तर एक गचका बसायचा. त्या वेगाला आईचे हात पुरत होते. आता तेच अंतर पाच-सहा तासांत कापलं जातं. प्रश्न आहे तो इथेच!

अंगणातला प्रसंग

दिवाळीच्या सुट्टीत रायपूरच्या एखाद्या अंगणात हे चित्र हमखास दिसावं. नागपूरहून लेक-जावई आले आहेत. गाडीच्या मागच्या सीटवर चौदा महिन्यांच्या नातवाची खास सीट आहे. सीटच्या खाली तिचा बेस, म्हणजे गाडीला पक्की अडकवलेली बैठक. नातू सगळ्या वाटेवर त्यात पट्टे बांधून, मागच्या काचेकडे तोंड करून बसला. कधी रडला, कधी झोपला, पण सुखरूप पोचला.

दुसऱ्या दिवशी राजिमला जायचं ठरतं. राजिम रायपूरहून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा तिथे संगम, म्हणून त्याला छत्तीसगडचा प्रयाग म्हणतात. आजी, आजोबा, मावशी, लेक आणि जावई अशी मोठी माणसं पाच, आणि सहावा नातू. गाडी पाच जणांची. मागच्या सीटचा एक भाग बाळाच्या सीटने अडवलेला. आजी पाहते आणि तिला सोपा उपाय सुचतो.

“जावईबापू, ते खालचं काढून ठेवा ना! पन्नास किलोमीटर सुद्धा नाही. बाळाला मी घेते मांडीवर.”

सासूबाईंचा शब्द मोडायचा कसा? शिवाय नातवाला मांडीवर घेण्यासाठी ती वर्षभर वाट पाहत असते. जावई मुकाट्याने गाडीचं दार उघडतो.

बेस निघतो कसा?

काम अवघड नाही, पण क्रम चुकला की बेस अडून बसतो आणि माणूस घामाघूम होतो. म्हणून तो सगळ्यात आधी सीटबरोबर आलेली पुस्तिका काढतो. प्रत्येक कंपनीची बटणं थोडी वेगळ्या जागी असतात. पुस्तिका नसेल तर बेसच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर चित्रं असतात.

पहिली गोष्ट म्हणजे वरची सीट. तिचा खटका दाबून ती बेसवरून उचलायची आणि बाजूला ठेवायची. सीट वर असताना बेस ओढू नये. वजनामुळे तो तिरपा होतो आणि अडकतो.

दुसरी गोष्ट, बेसच्या पुढच्या बाजूने गाडीच्या तळापर्यंत आलेला आधाराचा पाय. त्याचं बटण दाबून तो आखडायचा आणि बेसखाली दुमडून घ्यायचा.

तिसरी गोष्ट मुख्य. गाडीची पाठ आणि बसायची गादी जिथे मिळतात, त्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात. एकमेकींपासून त्या २८ सेंटीमीटरवर बसवलेल्या असतात. या पद्धतीला ‘आयसोफिक्स’ म्हणतात. बेसचे दोन हात या कड्यांना धरून असतात. पक्के बसले असतील तर खुणेच्या खिडकीत हिरवा रंग दिसतो. काढताना आधी बेस गाडीच्या पाठीकडे नीट दाबायचा, म्हणजे कड्यांवरचा ताण जातो. मग दोन्ही बाजूंची बटणं दाबायची. हिरव्याचा लाल झाला की हात सुटले. आता बेस सरळ पुढे ओढायचा. एकच बाजू सुटली तर हिसका मारू नये. पुन्हा मागे दाबून दुसरं बटण दाबावं. फटीत वाळू किंवा बिस्किटाचा चुरा अडकला असेल तर मऊ ब्रशने काढावा. तेल सोडू नये, तेलावर धूळ आणखी बसते.

काही बेस कड्यांना नसून गाडीच्या पट्ट्यानेच आवळलेले असतात. तिथे आधी पट्टा धरून ठेवणारी चाप उघडायची. पट्ट्याचं बक्कल घट्ट झालं असेल तर गुडघ्याने बेसवर भार द्यायचा, पट्टा सैल होतो आणि मग बटण दाबलं जातं. पट्टा कापायची वेळ कधीही येत नाही, येऊ देऊही नये. सीटच्या मागून डिकीकडे गेलेला वरचा पट्टा असेल तर त्याची चिमटी तिरपी करून तो ढिला करावा आणि मग आकडा काढावा.

रायपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक काळजी. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल तव्यासारखं तापतं. आधी हात लावून बघावा, बाळाला बसवतानाही आणि बेस काढतानाही.

बेस निघतो. त्याखाली सापडतात दोन बिस्किटांचा चुरा, कुरमुरे, एक हरवलेला मोजा आणि मऊ गादीवर उमटलेले दोन खोल ठसे. फडक्याने जागा पुसून होते. महिन्या-दोन महिन्यांनी अशी सफाई करायलाच हवी. दुसऱ्या गाडीत सीट न्यायची असेल, मूल वाढून सीट बदलायची असेल, तरी बेस काढावा लागतोच.

बेस अंगणात तुळशीवृंदावनाजवळ ठेवलेला. मागची सीट मोकळी. आजी खूश!

हातांची ताकद

पण लेक पायरीवर बसून हे सगळं पाहत असते. ती आईला म्हणते, “आई, मला शंका तुझ्या मांडीची नाही, रस्त्याची आहे.”

तिची शंका खरी आहे. साधं गणित करून बघावं. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोर काही आलं आणि गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर मांडीवरच्या १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला हातांत सुमारे १४० किलो पेलण्याची ताकद लागेल. तीही न सांगता, न सावरता. तरण्याबांड पैलवानालाही ते जमणार नाही. प्रेम कमी पडतं असं नाही, हात कमी पडतात.

लहान बाळाला मागे तोंड करून बसवतात, त्याचं कारणही असंच. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक. समोरून धक्का बसला तर मागे तोंड असलेल्या सीटची पाठ तो धक्का डोकं, मान आणि पाठ यांत वाटून घेते. १९६० च्या दशकात स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी ही कल्पना पुढे आणली. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठ टेकून तो जोर सोसतात, हे पाहून त्यांना ती सुचली. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर मात्र मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवू नये. एअरबॅग फुगली तर तिचाच तडाखा बाळाला बसतो.

आपल्याकडे कायद्यानेही हे मान्य केलं आहे. मोटार वाहन कायद्यातली १९४-ब ही तरतूद १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास सीटने बांधलेलं नसेल तर चालकाला हजार रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ या चाचणीत गाड्यांना मुलांच्या सुरक्षिततेसाठी वेगळे तारे मिळू लागले. पण दंड चुकवता येतो आणि तारे विसरता येतात. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा प्रेमळ आग्रह मोडणं, हीच खरी कठीण गोष्ट!

आजी जरा वेळ गप्प बसते. “आमची पोरं काय अशीच वाढली नाहीत?” असं तिच्या ओठांवर असतं. ते खरंही आहे. पण त्या वेळी राजिमला जाणाऱ्या वाटेवर छोटी रेल्वे धावायची, अभनपूरला डबे बदलत, गावंदरीची शेतं बघत माणसं सावकाश पोचायची. आज त्याच दिशेला मोठे ट्रक आणि वेगाच्या गाड्या धावतात. काळ बदलला, हे तिलाही दिसतंच.

तोडगा आजोबाच काढतात. “मी आणि मावशी बसने येतो. राजिमला आयुष्यभर बसनेच गेलो की! तुम्ही पोराला घेऊन गाडीने या. आजी त्याच्या शेजारी बसेल.”

पुन्हा बसवताना

बेस पुन्हा गाडीत जातो. काढण्यापेक्षा बसवणं महत्त्वाचं. दोन्ही हात कड्यांत सरकवायचे, ‘टक्’ असा आवाज दोनदा ऐकायचा, दोन्ही खिडक्यांत हिरवा रंग पाहायचा. पाय गाडीच्या तळाला नीट टेकलेला हवा. मग बेस कड्यांजवळ धरून हलवून बघायचा. अडीच सेंटीमीटरहून जास्त हलला तर परत काढून पहिल्यापासून बसवायचा. वर सीट ठेवली की तीही वर ओढून बघायची. बाळाचा पट्टा खांद्यावर इतका घट्ट हवा, की चिमटीत धरायला गेलं तर तो चिमटीत येऊ नये.

भाड्याच्या गाडीने जायचं असेल तर बऱ्याच लहान सीट बेसशिवाय, गाडीच्याच पट्ट्याने बांधता येतात. आपली सीट तशी चालते का, हे पुस्तिकेत आधी बघून ठेवावं. अपघातातून गेलेला बेस मात्र पुन्हा वापरू नये, वरून धड दिसला तरी.

राजिमला संगमाच्या काठावर राजीवलोचनाचं, म्हणजे विष्णूचं, प्राचीन मंदिर आहे. नदीच्या पात्रात कुलेश्वर महादेव. माघ पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते. दिवाळीनंतरच्या दिवसांत काठ तसा शांत असतो. बसने आलेले आजोबा देवळाच्या पायऱ्यांवर आधीच येऊन बसलेले असतात.

गाडी थांबते, पट्टे सुटतात आणि आजी नातवाला उचलून घेते. इथे रस्ता नाही, वेग नाही. देवळाच्या ओट्यावर बसून ती त्याला मांडीवर घेते, वाळूवरची माणसं दाखवते, हातावर प्रसादाचा कण ठेवते. तासभर तो तिच्या मांडीवरून हलत नाही.

परत निघताना ती स्वतःच त्याला सीटमध्ये बसवते. पट्टा लावते, चिमटीत धरून बघते आणि जावयाला विचारते, “हिरवं दिसतंय ना?”