परसातले घर

लॉस एंजेलिसच्या आग्नेयेस आर्टेशिया हे लहानसे शहर आहे. जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे आर्टेशियन विहिरींवरून त्याला हे नाव पडले. एकेकाळी येथे डच व पोर्तुगीज कुटुंबांचे गोठे होते. आज पायोनियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर साड्या, दागिने, मिठाई आणि किराणा यांची भारतीय दुकाने ओळीने लागतात, तर ब्युएना पार्क येथील जैन मंदिर मोटारीने फार दूर नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे दोन महिने तेथे होतो. प्रवासवर्णनात सांगण्यासारखी स्थळे पुष्कळ पाहिली; परंतु या लेखाचा विषय आहे मुलीच्या परसातले एक गॅरेज. आमचे व्याही त्यात राहतात.

व्याह्यांचे बार्शीला कापडाचे दुकान होते. विहीणबाईंच्या निधनानंतर मुलाने त्यांना बोलावून घेतले आणि गॅरेजचे घर करून दिले. ही वार्ता गावी पोहोचताच एका नातलगाने दूरध्वनीवर स्पष्टच विचारले, “मुलानं बापाला मोटारीच्या खोलीत ठेवलं म्हणे?” हा प्रश्न माझ्याही मनात होता. म्हणून मी ते घर जरा बारकाईने पाहिले आणि त्यामागचा कायदाही समजून घेतला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात एकमजली घरांच्या वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या. अनेक घरांच्या मागे दोन मोटारींचे स्वतंत्र गॅरेज असे : साधारण २० फूट लांब, २० फूट रुंद, म्हणजे ४०० चौरस फूट. पुढे घरांच्या किमती आणि भाडी वाढत गेली, तशी माणसे गॅरेजमध्ये राहू लागली. १९८७ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने पाहणी करून अंदाज दिला होता की, त्या काउंटीत सुमारे ४२ हजार गॅरेजांमध्ये दोन लाखांच्या आसपास लोक परवानगीविना राहतात. खिडकी नाही, वीज तात्पुरत्या तारेवर. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही, अशी ती राहणी होती.

यावर कॅलिफोर्निया राज्याने कायद्यातच वाट काढली. १ जानेवारी २०१७ पासून परसातल्या दुय्यम घरांसाठीचे नियम सैल झाले आणि १ जानेवारी २०२० पासून आणखी सुटसुटीत झाले. पूर्वी मोठी अडचण मोटारीच्या जागेची होती. गॅरेज काढले तर तेवढी जागा दुसरीकडे दाखवा, असा आग्रह असे. आता गॅरेजचे घर केल्यास नगरपालिकेला तशी अट घालता येत नाही. नियमांत बसणाऱ्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यासाठी जाहीर सुनावणी नाही, शेजाऱ्यांची संमतीही नाही. आयुष्यभर अर्ज हाताळलेल्या माणसाला या मुदतीचे अप्रूप वाटल्याशिवाय राहिले नाही.

परवानगी सुलभ झाली, तरी काम सोपे नसते. पाणी बाहेर जावे म्हणून गॅरेजची जमीन दरवाजाकडे उतरती केलेली असते. ती समतल करावी लागते. खालून ओल चढू नये म्हणून थर द्यावा लागतो. मोठा दरवाजा काढल्यावर त्या जागी पाया घालून भिंत उभारायची, भिंतींत व छतात उष्णतारोधक भरायचे. शौचालयाच्या नळासाठी काँक्रीट फोडून फुटाला पाव इंच उतार साधायचा. झोपण्याच्या खोलीची खिडकी अशी हवी की, संकटात माणूस तिच्यातून बाहेर पडू शकेल. प्रत्येक टप्प्यावर निरीक्षक येऊन पाहून जातो आणि त्याची सही झाल्याशिवाय भिंत बंद करता येत नाही.

आता हिशेब. असे काम लाखभर डॉलरच्या पुढे सहज जाते. घराचे मूल्य वाढते, करही वाढतो. पण १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या तरतुदीमुळे जुन्या घराची आकारणी नव्याने होत नाही, केवळ वाढीव कामाची भर पडते. जावयांनी राहत्या घरावर कर्ज काढले आहे. व्याह्यांनी बार्शीचे दुकान विकून वाटा देऊ केला, तो जावयांनी घेतला नाही. “दुकान राहू द्या. परतावंसं वाटलं तर जागा हवी,” असे ते वडिलांना म्हणाले. कर्ज काढून दिलेल्या घरात राहण्याची सक्ती नाही, हे मुलाने न मागता सांगितले, ही गोष्ट मला कर्जाच्या रकमेपेक्षा मोठी वाटली.

त्या घरात एक खोली, न्हाणीघर आणि ओट्यापुरते स्वयंपाकघर आहे. मुलगा-सून कामावरून येईपर्यंत सात वाजतात आणि व्याह्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे असते. मुख्य घरात असते तर रोज कोणीतरी कोणासाठी तरी खोळंबले असते. येथे ते आपल्या वेळी आपली मुगाची खिचडी टाकतात. मी खिडकीची उंची न्याहाळू लागलो तेव्हा म्हणाले, “साहेब, कर्जप्रकरण तपासल्यासारखं बघू नका, आधी चहा घ्या.” मग नातलगाचा प्रश्न मीच काढला. ते हसले. “बार्शीला आमचं पहिलं बिऱ्हाड दुकानामागच्या वखारीत होतं. गाठोडी हलवली आणि संसार मांडला. तिला कुणी वखार म्हटलं नाही. इथं मुलगा आत येताना दार वाजवतो. मी ‘ये’ म्हटल्यावर येतो.”

उणीवही त्यांनी लपविली नाही. मोटार चालवता येत नसल्याने दुपार लांबते. मंदिरात जायचे तर रविवारची वाट पाहावी लागते. शेजारचे एक वृद्ध मेक्सिकन गृहस्थ कुंपणापलीकडून लिंबे देतात, हे मोडक्या इंग्रजीत आभार मानतात, एवढाच काय तो दिवसाचा संवाद. चार भिंती उत्तम असल्या तरी बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला ओटीवरची वर्दळ लागते.

आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत आणि असा प्रस्ताव आज ना उद्या घरात येईल. परवाना, खर्च आणि कर यांचा विचार मुले करतीलच. वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात : तिथला आपला दिवस कसा जाईल, आणि गावची जागा विकायची की ठेवायची. व्याह्यांनी दुकान तूर्त भाड्याने दिले आहे, करार अकराच महिन्यांचा केला आहे. मुदत संपताना काय ठरवायचे, ते अजून त्यांनी मुलालाही सांगितलेले नाही, आणि मुलानेही विचारलेले नाही.