बुंधे आणि फेटे

परवा धाकट्या वन्संचा पुण्याहून फोन आला. "वहिनी, तिकडे एवढ्या पावसात दिवसभर करता तरी काय?"

म्हटलं, "बुंधे करते."

"बुंदी? का हो, काय कार्य आहे घरी?"

मला हसू आवरेना. फोनवर नीट समजावता आलं नाही, तेव्हा म्हटलं इथेच सविस्तर लिहावं. वन्संनाही वाचता येईल आणि 'मावशी, ब्लॉग थंड का पडलाय?' म्हणून विचारणाऱ्या भाचरांनाही.

तर मंडळी, मी झाडांचे बुंधे करते. तोडलेल्या झाडांचे. एकेक बुंधा जेमतेम बोराएवढा. आतापर्यंत दोनशे चाळीस झाले.

लेकीचं घर बेलिंगहॅमला, म्हणजे सिएटलच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेपासून जवळ. वर्षातले सहा महिने मी इथे असते. शेजारी एक आजोबा राहतात, वय चौऱ्याऐंशी. सारं आयुष्य लाकडाच्या गिरणीत गेलं. त्यांच्या गॅरेजात गाडी नाही. तिथे सहा फूट बाय तीन फूट टेबलावर एक देखावा मांडलेला आहे. डोंगर, दरीवर लाकडी पूल, पुलावरून ओंडके घेऊन येणारी आगगाडी, आणि खाली खाडीच्या काठाला गिरणी. दहा वर्षं ते एकटे तो करत होते. मग हाताला कंप सुटला आणि काम थांबलं. माझा बारा वर्षांचा नातू त्यांच्याकडे जाऊन बसायचा. एक दिवस तो मला ओढत घेऊन गेला, "आज्जी, तू बघच!"

बघितलं, आणि मनात आलं, अहो, हा तर दिवाळीचा किल्ला! आपण नाही का विटा रचून, पोत्यावर माती लिंपून किल्ला करायचो, त्यावर हळीव पेरायचो, मावळे उभे करायचो? शाळेतून निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला मुलांकडून मी किल्ले करून घेतले. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईला इथल्या रेल्वेच्या खेळातलं काय कळणार, असं लेकीला वाटलं असेल. पण चिखलाचं मला चांगलं कळतं. दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागले.

आधी थोडं गणित सांगते, बाईंची सवय! हा सगळा देखावा एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात आहे. इथले लोक त्याला 'एच ओ' म्हणतात. पावणेसहा फुटी माणूस यात दोन सेंटिमीटरचा होतो. इथली डग्लस फर नावाची झाडं साठ मीटर सहज वाढतात. ती या प्रमाणात केली तर जवळपास सत्तर सेंटिमीटरची, म्हणजे माझ्या कमरेला लागतील एवढी. बहुतेक हौशी लोक झाडं मुद्दाम बुटकी करतात, नाहीतर गाडी खेळण्यासारखी दिसते. आजोबांना ते मान्य नाही. ते म्हणतात, झाडापुढे गाडी खेळण्यासारखीच दिसत होती, तेच तर दाखवायचंय.

झाडं करायची पद्धत सोपी आहे. तारेच्या दोन पदरांत घायपाताचा वाख पसरून घालायचा, तार पिळायची, बाटली घासायच्या ब्रशसारखं झालं की कात्रीने निमुळतं कापायचं. जमिनीसाठी मी चहाचा चोथा वाळवून, चाळणीने चाळून घेते. तो पसरायचा आणि वरून फेविकॉलसारखा पांढरा गोंद पाणी घालून सोडायचा. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर पाण्याचे मणी होतात आणि चोथा त्यावर तरंगत बसतो. साबण घातला की गोंद आत मुरतो. वाळल्यावर जमीन अशी घट्ट होते की बोट फिरवलं तरी कण हलत नाही.

इंजिनाबद्दल सांगितलं नाही तर नातू रागावेल. याला 'शे' इंजिन म्हणतात. मिशिगनमधल्या इफ्रेम शे यांनी ते शोधलं आणि १८८१ साली पेटंट घेतलं. हे गृहस्थ तरुणपणी काही काळ शिक्षक होते, हे कळल्यावर मला उगीचच त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. पुढे ते लाकडाच्या धंद्यात पडले. जंगलातले रूळ म्हणजे कसेबसे टाकलेले. झाडं संपली की उचलून दुसरीकडे न्यायचे. नेहमीचं इंजिन अशा वाटेवर घसरायचं किंवा रूळ उखडायचं. शे इंजिनात वाफेचे सिलिंडर उजव्या अंगाला उभे असतात, तिथून एक लांब दांडा निघतो आणि दात्यांच्या चाकांनी प्रत्येक चाक फिरवतो. सिलिंडरच्या वजनाला तोल म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला. समोरून पाहिलं तर इंजिन एका अंगाला कललेल्या म्हातारीसारखं दिसतं. वेग बैलगाडीहून थोडा बरा, पण चढ कसला चढेल! आपल्या माथेरानच्या गाडीचा चढ वीस फुटांना एक फूट. वेस्ट व्हर्जिनियात कॅस नावाच्या ठिकाणी ही इंजिनं शंभराला अकरापर्यंतचा चढ चढतात. अशी सुमारे २,७७० इंजिनं बनली, शेवटचं १९४५ साली, आणि ते अजून कॅसलाच आहे.

आता बुंध्यांकडे वळते. बागेतल्या जूनिपरच्या वाळक्या फांद्यांचे तुकडे करायचे, कागदाचा लगदा गोंदात कालवून मुळं काढायची, आणि मग सुरीच्या टोकाने प्रत्येक बुंध्याला दोन खाचा पाडायच्या. या खाचा फार महत्त्वाच्या. इथल्या झाडांचा बुंधा तळाशी फार पसरट आणि डिंकाने भरलेला असायचा. तिथे करवत चालवणं नको म्हणून लाकूडतोडे माणूसभर उंचीवर, कधी त्याहून वर, खाच पाडून त्यात फळी अडकवायचे. दोघं दोन फळ्यांवर उभं राहून आधी कुऱ्हाड, मग लांबलचक करवत. डॅरियस किन्झी नावाच्या छायाचित्रकाराने या कामाचे पुष्कळ फोटो काढले आहेत. पाडायच्या झाडाला घातलेल्या घळीत माणसं आडवी पडून कॅमेऱ्याकडे बघताहेत, मागे ते प्रचंड खोड. तो जंगलात फिरायचा आणि त्याची बायको टॅबिथा घरी काचा धुऊन फोटो छापायची. आजोबांच्या गॅरेजात हे फोटो लावलेत. मी काम करताना टॅबिथाबाईंना मनातल्या मनात नमस्कार करते.

एकदा नातू म्हणाला, "आज्जी, एवढी मेहनत करतेस, तर अख्खं जंगल कर ना! तोडलेली झाडं कशाला?" प्रश्न बरोबर होता. मी त्याला उत्तर दिलं नाही. रविवारी आम्ही जवळच्या रानात फिरायला गेलो. तिथली आत्ताची झाडं शंभरएक वर्षांची, तोडीनंतर उगवलेली. त्यांच्यामध्ये जुने सीडरचे बुंधे अजून उभे आहेत, शेवाळलेले, आणि प्रत्येकावर त्या दोन खाचा. डोळ्यांसारख्या. पोरगं एका बुंध्यापुढे बराच वेळ थांबलं. परत आल्यावर आपण होऊन सुरी घेऊन बसलं. त्यातले साठ बुंधे त्याने केलेत, हे इथे नोंदवते.

आता जे सांगायला घेतलं होतं त्याकडे येते.

देखाव्याच्या चौकटीवर आजोबांनी पितळी पट्टी बसवली आहे: 'ऑगस्ट १९०७'. त्यांचे आजोबा १९०५ साली इथल्या एका गिरणीत लागले. १९०७ सालच्या उन्हाळ्यातला त्यांचा फोटो घरात आहे, बावीस वर्षांचा पोरगा. म्हणून ते साल. आणि सालाच्या बाबतीत आजोबा अगदी कडक. मी एका पुस्तकात उंच झाडाचा शेंडा छाटून त्यावरून तारांनी ओंडके ओढण्याचं चित्र पाहिलं, म्हटलं हे छान दिसेल. ते म्हणाले, "नाही. ती पद्धत सर्रास झाली ती नंतर. १९०७ म्हणजे १९०७." मग आम्ही वाफेचं 'डाँकी' इंजिन ठेवलं, ते ओंडके जमिनीवरून फरफटत ओढतं.

मी इतिहास शिकवलेली बाई. एखादं साल समोर आलं की त्या वर्षी आणखी काय झालं हे शोधल्याशिवाय मला राहवत नाही. आणि या गावात १९०७ साली काय झालं हे मला माहीत होतं. शहरात ग्रॅनाइटची एक कमान आहे, २०१८ साली उभारलेली. लेकीने मला पहिल्याच वर्षी दाखवली होती. त्या काळी इथल्या गिरण्यांत आपल्याकडची माणसं कामाला होती, पंजाबातून आलेली, बहुतेक शीख. इथले लोक सरसकट त्यांना 'हिंदू' म्हणत. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री शेकडो गोऱ्या माणसांच्या जमावाने त्यांना गिरण्यांतून आणि राहत्या खोल्यांतून ओढून बाहेर काढलं, मारलं, लुटलं. कितीतरी जणांनी ती रात्र नगरपालिकेच्या इमारतीत काढली. काही दिवसांत ती सगळी माणसं गाव सोडून गेली. शिक्षा कोणालाच झाली नाही.

आमच्या देखाव्यात गिरणीच्या अंगणात बावीस माणसं होती. सगळी टोप्या घातलेली.

मी काही दिवस गप्प राहिले. दुसऱ्याचा देखावा, दुसऱ्याचं गाव, आणि मी सहा महिन्यांची पाहुणी. शिवाय आजोबा मला बहिणीसारखं वागवतात, माझ्यासाठी चहात आलं किसून घालायला शिकलेत. पण एका सकाळी मी विचारलंच, "तुम्ही म्हणता १९०७ म्हणजे १९०७. मग ऑगस्टमध्ये या अंगणात फेटेवाले असायला हवेत ना?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आज एवढंच पुरे," म्हणाले.

मग चार दिवस गॅरेजचं दार बंद. लेक म्हणाली, "आई, कशाला बोललीस?" नातू माझ्याशी बोलेना. मी पोळ्या लाटत होते, पण लक्ष सगळं त्या दाराकडे. खरं सांगते, मैत्री संपली असंच मी धरून चालले होते. या वयात नवी मैत्री मिळणं किती कठीण, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको.

पाचव्या दिवशी दार उघडं दिसलं. मी गेले. आजोबा गिरणीपुढे बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझे आजोबा मी पंचवीस वर्षांचा होईपर्यंत होते. गिरणीच्या सगळ्या गोष्टी सांगायचे. त्या रात्रीची कधी सांगितली नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "मी विचारलीही नाही."

वर्गात एखाद्या मुलाच्या तोंडून असं काही निघालं की पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, एवढं मला चाळीस वर्षांत कळलं आहे. मी खुर्ची ओढून बसले. शेवटी त्यांनीच विचारलं, "फेटे कसे करणार? या मापात मिळत नाहीत."

मी शिवणाचा दोरा काढला. रेल्वे प्रवाशांच्या संचातली पाच माणसं घेतली, टोप्या खरवडल्या, आणि सुईच्या टोकाने गोंद लावून दोऱ्याचे वेढे दिले. डोकं ज्वारीच्या दाण्याहून लहान! एका फेट्याला पाऊण तास. रंग कोणते हा प्रश्न आला. फोटो काळे-पांढरे, तेव्हा मी फिके, मळकट रंग घेतले. कामावरच्या माणसाचा फेटा असतो तसे. नातवाने दाढ्या रंगवल्या. आजोबांनी थरथरत्या हाताने, चिमट्याने, ती माणसं एकेक करून जागेवर ठेवली. मला वाटलं होतं कडेला कुठेतरी ठेवतील. त्यांनी अगदी मध्ये, फळ्यांच्या थप्पीपाशी ठेवली. टोपीवाला एक तरुण तिथे आधीपासून फळीचं एक टोक धरून उभा होता. दुसरं टोक आता फेटेवाल्याच्या हातात आहे. तो तरुण कोण, हे आजोबांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

येत्या उन्हाळ्यात हा देखावा महिनाभर मुलांसाठी मांडायचा असं ठरतंय. त्याआधी पुलाच्या पलीकडचा उतार पुरा करायचा आहे, म्हणजे आणखी साठेक बुंधे. काल मी सुचवलं, पट्टीवर नुसतं '१९०७' ठेवलं तर? वर्षातलं सगळंच त्यात येईल. आजोबांनी मान हलवली. म्हणाले, "ऑगस्ट राहू दे. ऑगस्टमध्ये ते इथे होते."

असो. वन्सं, कळलं का आता? बुंदी नव्हे, बुंधे. आणि येताना भाचीबरोबर घट्ट पिळाचा शिवणाचा दोरा पाठवा, बदामी आणि फिका निळा. इथला दोरा फार जाड येतो.