मोलॉकचे भाषण

मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधील (१६६७) मोलॉकचे भाषण वर्गात वाचताना माझा आवाज आपोआप चढतो, आणि खरे सांगावयाचे तर, मला ते आवडतेही. नरकात लोटल्या गेलेल्या बंडखोर देवदूतांच्या सभेत उठून तो उघड युद्धाचा पुकारा करतो : जय न मिळो, सूड तर मिळेल! पुढे पृथ्वीवर आईबाप ज्याला आपली मुले बळी देत, तोच हा मोलॉक. पण त्या आवेशापुढे ते कोणाच्या लक्षात राहते? त्याच्यामागून बोलणारा गोडबोल्या बेलियल मुलांना भ्याडच वाटतो.

हे झाले दुसऱ्या सर्गात. यंदा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, स्वर्गातल्या लढाईत हा स्वतः काय करीत होता?”

उत्तर सहाव्या सर्गात आहे. गेब्रिएलने कमरेपर्यंत उभा चिरल्यावर हा वीर हंबरत पळाला होता. आमच्या अभ्यासक्रमात पहिले दोनच सर्ग, म्हणून ही हकीकत मी कधी सांगितली नव्हती. (निमित्त सोयीचे, हकीकत मला ठाऊक होती.)

त्या ओळी मी वाचून दाखविल्या. वर्ग हसला. विचारणारा मात्र हसला नाही. त्याचा थोरला भाऊ सैन्यात आहे, हे मला मागाहून कळले.