एका घाऊक शब्दाविषयीं

इंग्रजी शब्दांचीं कुळें शोधीत बसण्याचा मला फार जुना नाद आहे. त्या नादांत 'एन्ग्रोसमेंट' या भारदस्त नामाशीं गांठ पडली, आणि तेव्हांपासून त्याला 'तल्लीनता' हा सरधोपट प्रतिशब्द दिलेला पाहिला कीं मन थोडें कचरतें. अर्थ चुकला असें म्हणवत नाहीं. पण एक शब्द गाभाऱ्यांत वाढलेला आणि दुसरा थेट बाजारपेठेंतला, हें विसरवत नाहीं.

फ्रेंच भाषेंत 'आँ ग्रो' म्हणजे घाऊक, ठोक. बारा डझनांचा 'ग्रोस' आणि वाणसामान विकणारा 'ग्रोसर' हीं त्याच घराण्यांतलीं मंडळी. ग्रोसर मुळांत ठोक माल विकणारा; पुढें तो बिचारा छटाक-अदपाव विकूं लागला, ही गोष्ट निराळी. 'एन्ग्रोस' करणें म्हणजे बाजारांतला सारा माल एकहातीं उचलून मग मनास येईल त्या भावानें विकणें. इंग्लंडांत हा गुन्हा होता. सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, १५५२ सालीं, त्याविरुद्ध कायदा झाला. तो १७७२ त रद्द झाला, तरी परंपरागत कायद्यांतला गुन्हा १८४४ पर्यंत जिवंत होता. ॲडम स्मिथनें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत साठेबाजीच्या या लोकभयाची तुलना चेटकाच्या भयाशीं केली आहे. महागाईंत रिकामी पिशवी घेऊन परतलेल्या माणसाला ती कितपत रुचली असती, कोण जाणे!

या शब्दाचा आणखी एक धंदा आहे, तो कारकुनाच्या मेजाशीं. दस्तऐवजाची ठसठशीत अक्षरांत पक्की प्रत लिहिणें यालाहि 'एन्ग्रोस' करणें म्हणतात. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ रोजीं मंजूर झाला. चर्मपत्रावर त्याची अशी प्रत करण्याचा हुकूम १९ जुलैला सुटला, आणि बहुतेक सह्या पडल्या त्या २ ऑगस्टला. आपल्याकडे खर्डा आणि पक्की प्रत हा भेद कोणाला ठाऊक नाहीं? पण खर्डेघाशी करणाऱ्या कारकुनाला तल्लीन म्हणावें, असें कांहीं कोणाला सुचलें नाहीं.

मनाच्या अवस्थेचा अर्थ या शब्दाला चिकटला तो मागाहून. विषयानें माणसाचें सारें लक्ष ठोकीनें उचललें, इतरांकरितां छटाकभरहि उरूं दिलें नाहीं, असें त्यांतलें चित्र आहे. 'तल्लीन' म्हणजे त्यांत लीन झालेला, विरघळलेला. येथें खरेदी नाहीं, विक्री नाहीं. आणि ज्यांच्या पिशव्या रिकाम्या राहिल्या तीं माणसेंहि नाहींत. मला खटकतें तें हेंच.

आमची भाषा या बाबतींत फार उदार आहे. गवई तल्लीन, भक्त तल्लीन, बुद्धिबळाच्या पटाशीं बसलेला गृहस्थहि तल्लीन. आणि त्याचें वागणें आवडेनासें झालें कीं तोच 'नादीं लागलेला'. स्तुति तरी, नाहीं तर निंदा. मध्यें उभें राहण्यास जागाच नाहीं. माझे एक ज्येष्ठ सहाध्यापक जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांत तीस वर्षें बुडालेले होते. त्यांच्या शोकसभेंत आम्हीं सर्वांनीं त्यांच्या तन्मयतेचे गोडवे गाइले. दुसऱ्या दिवशीं घरीं गेलों असतां वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सगळे बोललांत तें खरेंच हो. घरांतच असायचे ते. पण घराच्या वांट्याला आले नाहींत." स्वरांत तक्रार नव्हती, वाण्याचा हिशेब सांगावा तसें त्या सांगत होत्या. त्या पाठभेदांचें मोल मी जाणतों. वहिनींचा आंकडाहि खोटा नव्हता.

बाजार आपल्या भाषेला वर्ज्य आहे असेंहि नाहीं. चारचौघांत कोणाला बोलूं न देणाऱ्यानें 'संभाषणाचा मक्ता घेतला' असें आपण म्हणतोंच, आणि इंग्रज तेथेंहि 'एन्ग्रोस' हेंच क्रियापद वापरूं शकतो. मग 'पोथ्यांनीं त्यांच्या चित्ताचा मक्ता घेतला होता' असें लिहावयास काय हरकत आहे? कानाला किंचित् खडबडीत लागेल खरें. शोकसभेंत तर चालणारच नाहीं.