हिना
ऑफिसात सगळ्यांचे डिओ सारखेच 'फ्रेश'... लिंबू, समुद्र वगैरे. आमच्या सोलापुरात पुरुषी वास म्हणजे हिना अत्तर! फाया कानात ठेवला की आधी मसाल्याचा डबा उघडल्यासारखं होतं: लवंग, जायफळ, वेलदोडा. तासाभराने मसाला ओसरतो आणि खाली चंदन उरतं. कनौजला हा मसाला तांब्याच्या डेगेत उकळून त्याची वाफ चंदनतेलात मुरवतात. स्वस्तातल्या अत्तरात चंदनाऐवजी पॅराफिन असतं, मग मसाला उडाला की संपलं.
हिना उष्ण, म्हणून बाबा ते थंडीतच लावतात, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला. उन्हाळ्यात खस. त्यांचा स्वभावही हिनासारखाच, आधी तिखट. चंदनापर्यंत थांबायला मला पंचवीस वर्षं लागली. पुढच्या महिन्यात ते रिटायर होताहेत. अस्सल हिना नेणार आहे. महाग आहे, पण असो!